बटण नसलेलं टोक

मित्रांनो, मला पाहिलंत तर तुम्ही म्हणाल, ही बुटाची तुटकी नाडी इथे खिळ्याला कुणी अडकवली? तुमचा दोष नाही. इथे झाडायला येणाऱ्या मावशींनीही एकदा मला केरात लोटलं होतं. मी एक जुनी दोरी आहे. लांबीला दीड वीत भरेन. रंग एके काळी निळा होता, आता त्याला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा. माझ्या दोन्ही टोकांना हात जाईल असे वेढे आहेत. एका वेढ्यावर बटण आहे, दुसऱ्यावर नाही. तेवढं मात्र लक्षात ठेवा, कारण माझी सगळी गोष्ट या दोन टोकांचीच आहे.

माझा जन्म शिलाई मशीनच्या पायाशी झाला. एक बाई घरी बसून मुलांची दप्तरं शिवायच्या. दप्तराच्या बंदाचा एक तुकडा उरला आणि खाली पडला, तो तुकडा म्हणजे मी. बाईंना दोन मुली होत्या. थोरली शांत, कामाची, आणि शाळेच्या शर्यतीत कायम पुढे. धाकटीला जन्मापासून दिसत नव्हतं, पण एका जागी बसेल तर शपथ. घरात तिला सगळे भिंगरी म्हणत. भिंगरी पळायची, दाराला आपटायची, कपाळावर टेंगूळ घेऊन यायची आणि ते उतरायच्या आत पुन्हा पळायची. त्यात तोंडाची टकळी अखंड चालू. शेजारच्या काकू म्हणत, या पोरीचं तोंड दुखत कसं नाही!

एक दिवस तिनं आईपाशी भुणभुण लावली. "आई, मला ताईबरोबर धावायचंय."

"मग तिचा हात धर आणि धाव. कोण नको म्हणतंय?"

"हात धरला की हातच हलवता येत नाही गं! हात बांधून कुणी धावतं का?"

आईनं मशीन थांबवलं. थोडा वेळ विचार केला, वाकून मला उचललं, दोन्ही टोकं दुमडली आणि टाके घातले. मनगटाला काचू नये म्हणून आतून मऊ फडक्याचं अस्तर लावलं. मग भिंगरीच्या जुन्या फ्रॉकचं एक बटण काढून एका वेढ्यावर शिवलं आणि तिचा अंगठा त्यावर ठेवला. "हे हाताला लागलं की समजायचं, हे तुझं टोक. दुसरं ताईचं." अशी मी दोरी झाले. केरात जाणार होते, त्याऐवजी दोन बहिणींच्या मध्ये आले. याचा मला अजून अभिमान आहे.

आता माझं काम काय, ते सांगते. तुम्हाला वाटेल, दोरी म्हणजे ओढायची वस्तू. साफ चूक! डोळ्यांनी दिसत नाही अशा धावपटूबरोबर जी गाईड धावते, तिनं दोरी ओढायची नसते. ओढली की शर्यतीतून बाद. गाईडनं धावणारीच्या आधी शेवटची रेघही ओलांडायची नसते. तिनं फक्त बाजूला राहायचं, पाऊल जुळवायचं आणि कानात सांगत जायचं. म्हणून मी ढिली राहायला शिकले. माझ्याकडचे दोघींचे हात एकाच वेळी पुढे जायचे, एकाच वेळी मागे यायचे आणि मी मधे अलगद झुलायचे. त्या पळायला लागल्या की पाय चार, पण आवाज दोनच पायांचा यायचा. मैदानावरचे मास्तर डोळे मिटून तो आवाज ऐकायचे आणि नुसती मान हलवायचे.

मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात भिंगरीला बजावलं होतं. "हे बघ भिंगरे, धावताना तू बोललीस तर तुझा श्वास जाणार आणि ताईचं ऐकूही येणार नाही. पिस्तूल वाजलं की तुझं तोंड बंद. बोलायचं ते ताईनं."

हे तिला फार जड गेलं. पळता पळता ती विचारायची, "ताई, पुढे कोण आहे? ताई, तो कुत्रा कुठे भुंकला?" की मास्तरांची शिट्टी वाजलीच, आणि दोघी पुन्हा आरंभाच्या रेघेवर. थोरली दटावायची, "पिस्तूल वाजलं की?" भिंगरी गाल फुगवून म्हणायची, "तोंड बंद." असं करता करता ती सवय तिच्या हाडात मुरली. एरवी घर डोक्यावर घेणारी पोरगी पिस्तूल वाजलं की मूग गिळून धावायची. आणि एरवी दहा वेळा विचारल्याशिवाय न बोलणारी थोरली तेव्हा बोलत असायची. "सरळ. खांदे सैल. वळण येतंय. वळण. संपलं. आता जोर." आणि अगदी शेवटी, "छाती!" म्हणजे छाती पुढे काढून रेघ गाठायची. थोरलीला आयुष्यात मोठ्यानं बोलताना मी फक्त तिथेच ऐकलं.

ते दिवस काय सांगू! शर्यती जिंकल्या, दूरदूरच्या मैदानांवर गेलो, पदकं आली. पदक मात्र एकच असायचं आणि ते भिंगरीच्या गळ्यात पडायचं. नियमच तसा होता. नंतर फोटो काढणारे यायचे आणि थोरलीला म्हणायचे, "बाई, तुम्ही जरा बाजूला होता का?" थोरली हसून आपला हात वेढ्यातून काढायची आणि बाजूला व्हायची. त्या काळचा भिंगरीचा कुठलाही फोटो काढून बघा. तिच्या मनगटाला मी दिसेन, आणि माझं दुसरं टोक खाली लोंबत असेल, मोकळं. मला त्याचं वाईट वाटायचं. थोरलीला वाटायचं का, ते तिनं कधी सांगितलं नाही, आणि मीही दोरी, विचारणार कशी?

आमच्यात आधी थकला तो भिंगरीचा पाय नव्हे, थोरलीचा गुडघा. डॉक्टर म्हणाले, "जिने सांभाळून चढा. धावणं आता विसरा." मास्तरांनी दुसरी गाईड आणली. लांब टांगांची, दमदार मुलगी होती, स्वभावानंही चांगली. पण पहिल्याच फेरीत मी ताणली गेले. त्या मुलीनं मुद्दाम केलं नव्हतं. तिचं पाऊल मोठं होतं, एवढंच. फेरी संपल्यावर भिंगरीनं मला मनगटातून काढलं आणि माझी घडी केली.

"मास्तर, मला नाही जमणार."

"अगं, होईल सवय."

"सवय झाली तर मला आणखीनच वाईट वाटेल."

अशी तिची धाव संपली. तेव्हापासून मी तिच्या पर्समध्ये, रुमाल आणि किल्ल्यांच्या संगतीत राहू लागले.

पण भिंगरी गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. एका शाळेनं तिला मुलांशी बोलायला बोलावलं. थोरली सोबत होतीच. भिंगरी व्यासपीठावर गेली, ध्वनिक्षेपक धरला आणि भाषणाला सुरुवात केली ती थेट मागच्या पडद्याकडे तोंड करून! पोरं खुसुखुसु हसू लागली. तेवढ्यात बाजूच्या विंगेतून थोरलीचा आवाज आला, "वळण. पुरं वळण." भिंगरी गर्रकन फिरली आणि स्वतःच खो खो हसत सुटली. मग तिनं मुलांना सगळं सांगितलं. टेंगळं, दप्तराचा बंद, मास्तरांची शिट्टी, ताईचं दटावणं. मला हवेत धरून दाखवलं. मुलं माझ्यासाठी टाळ्या वाजवत होती, मित्रांनो! मी त्या दिवशी फार भाव खाल्ला.

बोलावणी वाढली तसे एक गृहस्थ भेटले. लोकांच्या भाषणांची व्यवस्था बघणं हा त्यांचा धंदा. कडक इस्त्रीचे कपडे, गोड आवाज. त्यांनी भिंगरीचं भाषण ऐकलं आणि म्हणाले, "उत्तम. फक्त जरा आवरा. ताई, आई, मास्तर, एवढी माणसं आली की ऐकणाऱ्याचं लक्ष फाटतं. लोक तुम्हाला ऐकायला येतात. तुम्ही म्हणा, 'मी एकटी धावले. माझ्यासोबत फक्त अंधार होता.' आणि थांबा. बघा टाळ्या."

अंधार म्हणजे काय हे तिला कुठे ठाऊक होतं! जिनं उजेड कधी पाहिला नाही तिला अंधार तरी कुठून दिसणार? भिंगरी हसली, म्हणाली, "मला तर मैदानात कधी अंधार वाटला नाही." गृहस्थही हसले. "लोकांना वाटतो ना."

पुढच्या सभेत ती ते वाक्य बोलली. मी तिच्या मुठीत होते. थोरली विंगेत उभी होती. भिंगरी थांबली, आणि सभागृह उठून उभं राहिलं. टाळ्यांचा एवढा आवाज मी मैदानावरही ऐकला नव्हता. भिंगरीची मूठ घट्ट झाली आणि बटण तळव्यात रुतलं. माझं दुसरं टोक मुठीच्या बाहेर लोंबत होतं.

घरी जाताना गाडीत थोरली खिडकीबाहेर बघत बसली होती. मग म्हणाली, "भाषण चांगलं झालं."

"मग तू गप्प का?"

"गप्प कुठे? दमलेय. जिने फार होते तिथे." जरा वेळानं म्हणाली, "पुढच्या वेळी ते गृहस्थ माणूस पाठवणारेत ना सोबतीला? मग मी कशाला?"

भिंगरीनं तेव्हा म्हणायला हवं होतं, तू हवीस म्हणून. मी मनातल्या मनात ओरडत होते, बोल ना गं! एरवी टकळी चालवतेस, आताच काय झालं? ती म्हणाली, "बरं. तुझ्या गुडघ्यालाही आराम पडेल."

भांडण झालं नाही, म्हणूनच ते मिटलंही नाही. थोरली यायची बंद झाली. फोन व्हायचे, पण कसे? "जेवलीस?" "जेवले." "गुडघा?" "आहे तसाच." "ठेवू?" "ठेव." इकडे टाळ्या वाढत होत्या. प्रत्येक गावात नवी खोली. भिंगरी आत आली की भिंतींवरून हात फिरवत एक फेरी मारायची, कपाट कुठे, खिडकी कुठे, पलंगाचा कोपरा कुठे ते पाहून घ्यायची. मग पलंगावर बसून मला पर्समधून काढायची आणि बटणावर अंगठा फिरवत राहायची. दुसरा वेढा चादरीवर पडलेला असायचा. शेजारच्या खोल्यांतून लोकांच्या बोलण्याचे आवाज यायचे. ती एकटी झाली होती. भाषणातलं वाक्य आता कुठे खरं झालं होतं, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

मग रेडिओवाल्यांनी तिला बोलावलं. मोठ्या क्रीडास्पर्धेचं समालोचन करायचं होतं. मैदानावर उंच एक काचेची खोली, तीत दोन ध्वनिक्षेपक, मैदानाचा आवाज आत आणणारी, कानावर लावायची यंत्रं, आणि एक मुरलेले समालोचक, ज्यांना सगळे काका म्हणत. ठरलं होतं असं, की बाहेर बसलेली सहायक मुलगी भिंगरीच्या कानात सांगणार, कोण पुढे, कोण मागे. आणि भिंगरीनं श्रोत्यांना सांगायचं, धावणाऱ्याच्या आत काय चाललंय. शर्यत सुरू होण्याआधी ती इतकी झकास बोलली की काकांनी आपली खुर्ची मागे सरकवली आणि ध्वनिक्षेपक सगळा तिच्याकडे दिला.

आणि पिस्तूल वाजलं.

मित्रांनो, तुम्ही ओळखलंच असेल. भिंगरीचं तोंड बंद झालं. टेबलाखाली तिच्या टाचा उचलल्या गेल्या, मान किंचित पुढे झाली आणि ती कान देऊन वाट बघू लागली. कुणीतरी "सरळ" म्हणावं याची! कानात आवाज होता, पण तो परक्या मुलीचा होता, "पाच नंबर पुढे, दोन नंबर मागे" असं काहीतरी सांगणारा. सगळी शर्यत अशी शांततेत गेली. अखेर काकांनी धावपळ करून निकाल सांगितला.

कार्यक्रमाच्या प्रमुख बाई आत आल्या. त्या रागावल्या नाहीत, त्याचंच भिंगरीला जास्त लागलं. "बाई, रेडिओ गप्प झाला की लोकांना वाटतं संच बिघडला. एका श्रोत्यानं म्हणे रेडिओला चापट्या मारल्या."

"मला आणखी एक शर्यत द्या."

"दुपारी दृष्टिहीन मुलींची आहे. ती घ्या. पण पुन्हा असं झालं तर पुढची कामं मला दुसऱ्या कुणाला द्यावी लागतील. माझाही इलाज नाही."

भिंगरी खोलीमागच्या जिन्यात जाऊन बसली. फोन हातात घेतला, बराच वेळ धरून ठेवला आणि परत ठेवून दिला. ताईला सांगणार तरी काय? की तू शिकवलेलं मी इतकं पक्कं शिकले, की आता बोलताच येत नाही? मैदान गेलं होतं, ताई गेली होती, आणि आता आवाजही चालला होता.

दुपारी ती काचेच्या खोलीत बसली. धावणाऱ्या मुली आपापल्या गाईडबरोबर रेघेवर आल्या. घाईघाईत भिंगरीनं मला पर्समधून काढलं आणि वेढ्यात हात घातला. अंगठा सवयीनं बटण शोधू लागला. बटण नव्हतं. पुन्हा शोधलं. नव्हतंच. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिनं ताईच्या टोकात हात घातला होता.

मला वाटलं, आता काढेल आणि फिरवून घेईल. ती थांबली. अस्तराच्या मऊ फडक्यावरून तिनं बोट फिरवलं. थोरलीच्या मनगटानं ते जागोजागी झिजलं होतं. बटणाचं टोक आता समोर टेबलावर मोकळं पडलं होतं.

पिस्तूल वाजलं. शांतता. काकांनी ध्वनिक्षेपकाकडे हात नेला.

"सरळ," भिंगरी म्हणाली.

तो तिचा नेहमीचा आवाज नव्हता. हळू, जवळचा, अगदी कानाशी बोलल्यासारखा होता. "सरळ. खांदे सैल. श्रोतेहो, हे माझे शब्द नाहीत. आत्ता मैदानावर प्रत्येक गाईड आपल्या मुलीच्या कानात हेच बोलतेय. त्या मुली बोलणार नाहीत, त्यांनी बोलायचं नसतं. वळण येतंय. वळण. तिसऱ्या लेनमधली जोडी ऐका, पाय चार आहेत पण आवाज दोनच पायांचा येतोय. ही जोडी कुणाला आवरणार नाही. वळण संपलं. आता जोर. आता त्या गाईडकडे लक्ष द्या, ती अर्धं पाऊल मागे येईल. दमली म्हणून नाही हं. तिनं मागेच राहायचं असतं. माझी ताई सगळी वर्षं माझ्या अर्धं पाऊल मागे होती, आणि तिच्याहून वेगानं धावणारं मी कुणी ऐकलेलं नाही. छाती!"

तिसऱ्या लेनमधली जोडी पहिली आली. काकांनी आपला चहा भिंगरीपुढे सरकवला. प्रमुख बाई काचेपलीकडे उभ्या होत्या, त्या तिथूनच म्हणाल्या, "उद्या सकाळी वेळेवर या." कडक इस्त्रीच्या गृहस्थांचाही फोन आला. भाषणात असलं काही घालू नका, असं ते म्हणाले. भिंगरीनं त्यांना सांगितलं की भाषणात आता हेच असेल, नको असेल तर बोलावू नका. त्यांनी खरोखरच बोलावलं नाही.

पण ताईच्या ज्या फोनची ती वाट बघत होती तो आला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. ती रोज समालोचन करायची, रोज माझ्या बटण नसलेल्या टोकात हात घालायची, काम संपलं की मला काढून पर्समध्ये ठेवायची आणि एकटी घरी जायची. भिंगरीनं स्वतः फोन का केला नाही? मला वाटतं, ती ताईचं पाऊल ऐकू यायची वाट बघत होती.

स्पर्धा संपत आली होती तेव्हाची गोष्ट. जिन्यावर आवाज आला. एक पाय नीट पडत होता, दुसरा ओढत येत होता. मधे थांबत होता. भिंगरीनं कानावरचं यंत्र काढलं आणि उठून उभी राहिली. दार उघडलं.

"किती जिने हे!" थोरली म्हणाली. "आणि तू काय गं, किती बोलतेस! पिस्तूल वाजलं की?"

"तोंड बंद," भिंगरी म्हणाली आणि रडायला लागली. "पण तू नव्हतीस ना बोलायला."

थोरली खुर्ची ओढून बसली. गुडघा चोळला. मग काचेतून खाली बघत म्हणाली, "काल मी खाली प्रेक्षकांत रेडिओ कानाला लावून बसले होते. तुझी ती सहायक पोरगी चुकीचं सांगत होती. दुसऱ्या लेनवाली केव्हाच मागे पडली होती."

स्पर्धा संपली, पण इथल्या पुढच्या शर्यतीही रेडिओवाल्यांनी दोघींना दिल्या. आता थोरली तिच्या कानात सांगते आणि भिंगरी जगाला सांगते. दोघींच्या मध्ये यंत्राची एक काळी तार असते. मला याच खोलीच्या भिंतीवर खिळा मिळाला. खरं सांगू? ती तार मला अजून आवडत नाही. शर्यत रंगात आली की दोघींची डोकी जवळ येतात, आणि मला इथून नुसतं बघावं लागतं. पण थोरलीचा गुडघा फार दुखतो, रोज काही तिला एवढे जिने चढवत नाहीत. त्या दिवशी शेजारची खुर्ची मोकळी असते. मग भिंगरी भिंतीवर चाचपत मला काढते, बटण लागलं तर मला फिरवते, आणि बटण नसलेल्या टोकात हात घालून बसते.

तर मित्रांनो, माझी धूळ नाही पुसलीत तरी चालेल, दोरीला धुळीचं काय! एवढंच करा. जिंकलेल्या माणसाचा कधी फोटो बघितलात, तर आधी त्याच्या मनगटाकडे बघा. तिथे एखादं मोकळं टोक लोंबताना दिसलं, तर ते कुणाचं आहे ते विचारा. आणि ते माणूस तुमच्याच घरातलं असेल, तर त्याला जिने चढायला लावू नका. तुम्हीच जा.